पी०१०१ आला म्हणून सेन्सर बदलू नका: डिझेल गाडीची हवा तपासायची रीत

अंबाजोगाईहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २.२ लिटरची, चार सिलिंडरची बीएस-४ डिझेल गाडी, दीड लाख किलोमीटरच्या पुढं चाललेली. धारूरच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही दम धरत नाही, मागून काळा धूर सोडते, चेक लाईट लागते. स्कॅनरला पी०१०१ हा बिघाडाचा कोड दिसतो. गॅरेजवाल्यानं एअरफ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, बदलून दिला, काही दिवसांत लाईट परत. मग दुसऱ्या दुकानातून दुसरा सेन्सर आणून घातला, तरी तेच. आता तिसरा, शोरूममधला ओरिजिनल घालावा का?

नको भाऊ, अजून तरी नको. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच त्याचं कारण आहे. काळा धूर आणि अशक्तपणा दोन्ही सोबत आहेत, आणि नुसता मळलेला किंवा थकलेला एअरफ्लो सेन्सर बहुतेक वेळा असं करत नाही. हे कसं, ते कळायचं तर डिझेल इंजिनात हा सेन्सर नेमकं काय काम करतो ते आधी बघावं लागेल.

पेट्रोल गाडीत हवेचं माप घेऊन त्यावर पेट्रोल ठरतं. डिझेलचा हिशोब उलटा असतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आधी डिझेल किती लागेल ते ठरवतो. हवा इंजिन आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आपापल्या ताकदीनं ओढतात, तिला अडवायला पेट्रोलसारखं थ्रॉटल नसतं. काही गाड्यांत असतं, पण चालताना ते बहुतेक वेळ उघडंच राहतं. मग सेन्सर कशाला? मुख्य कामं दोन. पहिलं ईजीआरचं. जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडायचा असतो, आणि तो किती गेला हे ईसीयूला थेट मोजता येत नाही. म्हणून तो ताजी हवा मोजतो. सिलिंडरची जागा ठरलेली. ताजी हवा जेवढी कमी आली तेवढा धूर आत गेला, असा त्याचा हिशोब. दुसरं काम धुराच्या मर्यादेचं. मोजलेल्या हवेत जेवढं डिझेल नीट जळेल त्याच्यापेक्षा जास्त मारायचं नाही, अशी मर्यादा ईसीयूत भरलेली असते.

आता विचार करा. सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवत असेल, आणि मळलेला सेन्सर जोराच्या हवेत बहुधा कमीच दाखवतो, तर ईसीयू काय करेल? ईजीआर बंद करेल आणि डिझेल तोडेल. गाडी ओढणार नाही, पण धूरही मारणार नाही, उलट सायलेन्सर स्वच्छ राहील. काळा धूर यायचा तर इंजिनात डिझेलच्या मानानं खरोखरच हवा कमी पडली पाहिजे. म्हणजे एक तर मोजलेली हवा वाटेत कुठंतरी निसटते, नाहीतर तिची जागा ईजीआरच्या धुरानं घेतलेली असते. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त हवा दाखवत असेल तरीही धूर येतो, पण ते कमी वेळा दिसतं, आणि दिसलं तर बहुधा चुकीचा किंवा हलका नवा सेन्सर घातल्यावरच दिसतं. तुम्ही दोन सेन्सर बदललेत, म्हणून ही शक्यताही मी बाजूला टाकत नाही.

कोडकडंही नीट बघायला हवं. पी०१०२ म्हणजे सिग्नल फारच खाली, पी०१०३ म्हणजे फारच वर. हे दोन आले तर वायर, कपलर (वायर सेन्सरला जोडणारा प्लग) किंवा सेन्सर यांच्याकडं सरळ जायला हरकत नाही. पी०१०० हा सर्किटचा, पी०१०४ हा अधूनमधून तुटणाऱ्या सिग्नलचा. पण पी०१०१ वेगळा आहे. ईसीयू आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), बूस्ट प्रेशर (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) आणि हवेचं तापमान यांवरून किती हवा यायला हवी याचा अंदाज काढतो आणि सेन्सरच्या आकड्याशी ताडून बघतो. मेळ बसला नाही की पी०१०१. यात सेन्सर खोटं बोलतो असं कुठंही म्हटलेलं नाही. मोंढ्यात पोत्याचं वजन कमी भरलं तर आधी पोतं कुठं फाटलंय ते बघतात, काटा उचलून फेकत नाहीत. इथं मात्र स्कॅनरवर सेन्सरचं नाव दिसलं की पहिला खर्च सेन्सरवर होतो, आणि तो ग्राहकाच्या खिशातून जातो. हप्त्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला दोनदा सेन्सरचे पैसे भरावे लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ही तपासणी अवघड नाही. फक्त आकडा वाचता आला पाहिजे.

तो आकडा आपला आपण काढता येतो, कंपनीचं पुस्तक लागत नाही. २.२ लिटर, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ५५० सीसी. समुद्रकाठी २५ अंशाला एक लिटर हवेचं वजन सुमारे १.१८ ग्रॅम भरतं. आपला मराठवाडा पठारावर. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. नांदेड त्याहून खाली, तिथं ९७० च्या जवळपास. त्यात उन्हाळ्यात बॉनेटसमोरची हवा ४२ अंशाची. ९५० मिलिबार आणि ४२ अंशाला एक लिटर हवा भरते जेमतेम १.०५ ग्रॅम. म्हणजे ५५० सीसीत सुमारे ५७५ मिलिग्रॅम. इंजिन आपली जागा पूर्ण भरून घेत नाही, पंच्याऐंशी-नव्वद टक्के भरतं असं धरा. तर ईजीआर पूर्ण बंद असताना, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू), सिलिंडरच्या एका ओढीला, म्हणजे एका स्ट्रोकला, पाचशेच्या आसपास मिलिग्रॅम हवा दिसली पाहिजे. जानेवारीच्या पहाटे १२ अंशाला हीच गाडी साडेपाचशेच्या पुढं दाखवेल. हा फरक हवेचा आहे, सेन्सरचा नाही. म्हणून ‘बरोबर आकडा किती?’ असं विचारणाऱ्याला मी आधी ऋतू, वेळ आणि गाव विचारतो.

साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर मोबाईलचं ॲप लावलं तर ते मिलिग्रॅमऐवजी ग्रॅम प्रति सेकंद दाखवतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन सिलिंडर हवा ओढतात. ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० ओढण्या, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला ८०० ग्रॅम, सेकंदाला १३ ग्रॅमच्या थोडं वर. काही स्कॅनर किलो प्रति तास दाखवतात, तिथं ४८ दिसेल. आकडे तिन्ही वेगळे, हवा एकच. गाडी १.३ लिटरची असेल तर सगळे आकडे त्याच प्रमाणात उतरवायचे.

आता मुख्य चाचणी. माझ्या मते निम्म्याहून जास्त उत्तर हिच्यातच मिळतं. इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८० अंशाच्या वर. एसी बंद, दिवे बंद. आयडलला हवेचा आकडा लिहून घ्या. ईजीआर उघडं असेल तर या इंजिनात तो पाचशेऐवजी अडीचशे-साडेतीनशेच्या पट्ट्यात असेल, आणि ते बरोबर आहे. मग ईजीआर बंद करा. व्हॅक्यूमवर चालणारं असेल तर त्याची नळी काढून नळीचं तोंड बंद करा. इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टमधून बंद करा. बंद करताच आकडा झटकन पाचशेकडं चढला पाहिजे. परत उघडलं की खाली आला पाहिजे. असं झालं तर एका फटक्यात दोन गोष्टी कळल्या: सेन्सर हवेतला बदल पकडतोय, आणि ईजीआरचा व्हॉल्व्ह हलतोय.

आकडा चढलाच नाही, अडीचशे-तीनशेवरच बसून राहिला, तर तिथंच सेन्सरला दोष देऊ नका. व्हॉल्व्ह आत काजळीनं अडकून अर्धवट उघडा राहिला असेल तर नळी काढून काय उपयोग? तो बंदच होणार नाही. अशा वेळी इंजिन गार झाल्यावर ईजीआरच्या गॅस्केटच्या जागी पातळ लोखंडी पत्र्याची पट्टी कापून बसवा आणि परत मोजा. आता आकडा पाचशेला गेला तर सेन्सर निर्दोष, ईजीआर अडकलेलं. पट्टी लावूनही तीनशेच दिसत असेल तर मग एअर फिल्टर, त्याच्या तोंडाची नळी आणि फिल्टरनंतरचा पाईप बघा, आणि सगळं साफ असेल तर सेन्सरवर संशय घ्या. ही पट्टी चाचणीपुरतीच. पट्टी कायमची ठोकून ‘गाडी हलकी झाली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ईजीआर बंद केल्यावर जळण्याचं तापमान वाढतं, नायट्रोजन ऑक्साइडचं विष जास्त बाहेर पडतं, आणि ईसीयूला अपेक्षित धूर मिळत नाही म्हणून पी०४०१ उगवतो. ग्राहकाच्या गाडीत मी ती कधी ठेवत नाही. व्हॉल्व्ह काढून, खरवडून, त्याची जागा आणि इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाईपचं) तोंड साफ करून परत बसवा. खेडोपाडी सावकाश, कमी आरपीएमवर चालणाऱ्या गाड्यांचं मॅनिफोल्ड काजळी आणि ऑइलच्या चिखलानं इतकं भरतं की आत बोट जात नाही. तिथं नवा व्हॉल्व्ह घातला तरी हवा कमीच येणार.

तुमच्या गाडीत काळा धूर आहे, म्हणून ईजीआरच्या खालोखाल माझा संशय टर्बोनंतरच्या पाईपवर आहे. टर्बोपासून इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड या वाटेत कुठं चीर असेल, क्लिप ढिली असेल, इंटरकूलरची प्लास्टिकची टाकी कोपऱ्यात तडकली असेल, तर सेन्सरनं मोजलेली हवा तिथून फुस्स होते. सेन्सर पूर्ण हवा दाखवतो, ईसीयू त्या हिशोबानं डिझेल मारतो, आणि इंजिनात हवा पोचतच नाही. आयडलला काहीच कळत नाही, कारण आयडलला बूस्टच नसतो. घाटात, लोडवर, टर्बो दाब धरायला लागला की धूर आणि दम दोन्ही गोष्टी समोर येतात. सोबत पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा कोड, दिसला तर जवळपास खात्रीच. पण तो नसला तरी गळती असू शकते, कारण टर्बो जास्त फिरून तूट भरून काढायचा प्रयत्न करतो.

टर्बोच्या आधी, म्हणजे सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या रबरी पाईपला चीर असेल तर नेमकं उलटं. न मोजलेली हवा आत शिरते, सेन्सर कमी दाखवतो, डिझेल तुटतं, धूर येत नाही. आणि ही चीर दुसऱ्या कारणानं जास्त वाईट. त्या फटीतून आपली काळ्या रानातली बारीक धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोच्या पात्यावर जाते. पुढं सिलिंडर घासतो, इंजिन ऑइल पितं, आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. म्हणून हा पाईप नुसता वरून बघू नका. सोडवा, वाकवा, खालच्या घड्यांत बोट फिरवा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, जिथं नजर जात नाही तिथंच असते.

गळती शोधायला मोठ्या गॅरेजात स्मोक मशीन असतं. नसेल तर टर्बोच्या तोंडावर बसेल अशी टोपी करून तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, कंप्रेसरची हवा अर्धा बार ते फार तर एक बारपर्यंत भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. टोपी नेमकी टर्बोच्या तोंडावरच लावायची, ब्रीदर (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली वाफ बाहेर काढणारी नळी) जिथं पाईपला मिळतो त्याच्या मागं नाही. नाहीतर सगळा दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उचकटतील. घाईत हे विसरून सील फोडलेली गाडी माझ्याकडं आली आहे. मशीन-कंप्रेसर काहीच जवळ नसेल तर डोळ्यांनी बघा: टर्बोनंतरच्या पाईपात थोडी ऑइलची वाफ नेहमीच असते, त्यामुळं गळतीच्या जागी बाहेरून ऑइल आणि त्यावर चिकटलेली धूळ यांचा काळा पट्टा दिसतो. पुसा, दोन दिवस चालवा, परत बघा.

रस्त्यावरची चाचणीही करून घ्या, पण घाटात नको. मोकळा सपाट रस्ता बघा. एक जण चालवेल, दुसरा स्कॅनर धरेल. एकट्यानं हे करू नये. तिसरा गिअर, १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० च्या वर. बूस्ट आणि हवा दोन्ही सोबत रेकॉर्ड करा. या आकाराच्या निरोगी टर्बो इंजिनाला पूर्ण लोडवर एकूण दाब सव्वादोन बारच्या आसपास असेल तर हवा हजार ते अकराशे मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दिसायला हवी. ग्रॅममध्ये ३००० आरपीएमला सेकंदाला शंभरच्या वर. आता जोडी लावा. बूस्ट मागितल्याइतका येतोय आणि हवाच आठशेवर अडकली: सेन्सर कमी मोजतोय किंवा टर्बोआधी चीर आहे. हवा भरपूर आणि बूस्ट कमी: टर्बोनंतर गळती. दोन्ही कमी: फिल्टर चोंदलाय, टर्बो थकलाय, त्याच्या व्हॅक्यूमच्या नळ्या तडकल्यात, नाहीतर सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलाय. इंजिनला श्वास सोडता आला नाही तर तो घेताही येत नाही, हे पुष्कळजण विसरतात आणि नुसती इनटेकची बाजू बघत बसतात.

या सगळ्याच्याही आधी, दोन मिनिटांत होणारं एक काम आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी, स्टार्ट न करता, फक्त की ऑन करून स्कॅनर लावा. बूस्टचा सेन्सर या वेळी बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, म्हणजे तुमच्याकडं साडेनऊशेच्या जवळपास मिलिबार. कूलंट, हवा आणि बूस्ट यांची तापमानं एकमेकांपासून दोन-चार अंशांत असायला हवीत. बूस्ट सेन्सरच साडेआठशे किंवा अकराशे दाखवत असेल तर ईसीयूचा अंदाजच चुकणार, आणि पी०१०१ ची शिक्षा निष्पाप एअरफ्लो सेन्सरला होणार. बूस्ट सेन्सर मॅनिफोल्डवर बसतो आणि त्याचं तोंड काजळीनं बुजतं. काढून हलक्या हातानं साफ करायला पंधरा मिनिटं पुरतात.

आता विजेचं. आपल्याकडच्या बीएस-३, बीएस-४ गाड्यांत बॉशचा पाच पिनांचा हॉट-फिल्म (तापवलेल्या पातळ फिल्मनं हवा मोजणारा) सेन्सर पुष्कळ दिसतो. एक पिन बॅटरीच्या १२ व्होल्टची, एक ५ व्होल्टची, एक ग्राउंड, एक हवेच्या तापमानाची आणि एक सिग्नलची. पिनांचा क्रम गाडीनुसार बदलतो, आराखडा बघूनच मीटर लावा. सेन्सर जोडलेला ठेवून, की ऑन, इंजिन बंद, मागून बारीक सुई घालून मोजा. ग्राउंड पिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये शंभर मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ग्राउंड खराब, आणि खराब ग्राउंडवर जगातला कुठलाही नवा सेन्सर चुकीचंच दाखवेल. व्होल्टेज देणाऱ्या या जातीच्या सेन्सरला हवा शून्य असताना सिग्नल एक व्होल्टच्या अगदी जवळ असतो. तो त्यापासून स्पष्ट दूर गेला तर आतली फिल्म भरकटली समजा. आयडलला तो दोनच्या आगेमागे येतो, पूर्ण लोडवर चारच्या पुढं जातो. काही सेन्सर मात्र व्होल्टेज देत नाहीत, फ्रिक्वेन्सी देतात; तिथं मीटर हर्ट्झवर लावा. आणि बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, तिथं मल्टिमीटरवर काही कळणार नाही, स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोपच लागेल.

मीटर लावलेलं असतानाच वायरिंग हलवून बघा. कपलरपासून एकेक वीत पुढं. उंदीर हा आपल्याकडं फार मोठा उपद्रव आहे. शेतात, गोठ्याजवळ, आखाड्यावर गाडी उभी राहिली की फिल्टर बॉक्समध्ये सरकी आणि चिंध्यांचं घरटं, आणि जवळच्या वायरींवर दात. वायरचं आवरण कुरतडलेलं असतं, तांबं शाबूत असतं, म्हणून कोरड्यात गाडी ठीक चालते आणि पहिल्या पावसात लाईट लागते. पाणी मारून बॉनेट धुतल्यावर सुरू झालेली तक्रार असेल तर कपलरच्या पिनांवर हिरवा गंज आहे का ते बघा.

कपलर काढून गाडी चालवून बघ, सुधारली तर सेन्सर खराब, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कपलर काढला की बहुतेक ईसीयू मनातला ठरावीक आकडा धरतात आणि त्याच वेळी ईजीआरही बंद करतात. मग गाडी सुधारली ती सेन्सर बाजूला झाला म्हणून, की ईजीआर मिटलं म्हणून? हे त्या चाचणीतून कळत नाही. तुमचे दोन्ही सेन्सर मला वाटतं याच सल्ल्यावर बदलले गेले असावेत. कपलर जोडलेला ठेवून फक्त ईजीआर बंद करा आणि चालवा. तेवढ्यानंच गाडी सुधारली तर दोष ईजीआरकडचा. सुधारली नाही, तर व्हॉल्व्ह बंदच न होता अडकून राहिलाय का, ते पट्टीची चाचणी सांगेल.

सेन्सर मळलेला असेल तर साफ करावा का? करावा, एकदा. एअरफ्लो सेन्सरसाठी मिळणारा, मागं अंश न ठेवणारा स्प्रे वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर, पेट्रोल, डिझेल, ब्रश, कापूस, काडी यातलं काहीही नको. कंप्रेसरची हवा तर मुळीच नको. ती फिल्म केसापेक्षा नाजूक असते, एका फुंकेत जाते. फवारल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच कपलर लावा. सफाईनं आकडे सुधारले तर मळ आला कुठून ते शोधा, नाहीतर महिन्याभरात परत तेच. सोयाबीनच्या मळणीचे दिवस, ऊसतोडीच्या हंगामातले कच्चे रस्ते, जिनिंगच्या आवारातली रुईची तंतुमय धूळ, हे सगळं फिल्टरवर येतं. जिनिंगला कापूस वाहणाऱ्या एका पिकअपच्या सेन्सरच्या जाळीवर तंतूंचा अख्खा थर मी पाहिला. फिल्टर बॉक्सची एक क्लिप तुटलेली, तिच्या फटीतून ते आत आले होते. फिल्टरच्या कागदाला कंप्रेसरचा जोराचा झोत मारणं बंद करा. कागदाची भोकं मोठी होतात, दिसायला तो स्वच्छ दिसतो आणि बारीक माती आत सोडतो. धुळीच्या भागात फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा, तो सेन्सरपेक्षा आणि टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. ऑइल लावलेले कापडी फिल्टर या गाड्यांना मी सुचवत नाही. त्यांचं ऑइल फिल्मवर बसतं.

सगळ्या चाचण्या होऊन दोष खरंच सेन्सरचाच निघाला, तर पार्ट नंबर जुळवून ओरिजिनल घ्या, तुमच्या गाडीतून निघालेल्या पहिल्या सेन्सरवरचा नंबर बघून. बाहेरून सारखा, कपलर सारखा, म्हणजे आतून सारखा असं नसतं. सेन्सर नळीतल्या हवेचा एक छोटा भागच मोजतो आणि नळीच्या व्यासावरून सगळ्या हवेचा हिशोब होतो. त्यामुळं दुसऱ्या व्यासाच्या नळीसाठी बनलेला सेन्सर तुमच्या नळीत बसेल, लाईटही कदाचित जाईल, पण आकडा चुकीचाच येईल. नकली सेन्सरही बाजारात भरपूर आहेत आणि त्यातले काही आयडलला बरोबर, लोडवर चुकीचे असतात. तुमच्या दोन सेन्सरपैकी एखादा असाच असेल तर मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढला आहे. तुमचा जुना सेन्सर गॅरेजमध्ये अजून असेल तर मागून घ्या. तो चांगला निघण्याची शक्यता बरीच आहे. बदलताना बाणाची दिशा आणि रबरी सीलिंग बघा, आणि बसवल्यावर स्कॅनरमधून कोड आणि शिकलेली मूल्यं पुसा. काही ईसीयू जुन्या सेन्सरची दुरुस्ती नव्यालाही लावत राहतात.

बीएस-६ गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: कपलर काढून किंवा ईजीआरला पट्टी लावून लांब चालवू नका. हवेचा हिशोब बिघडला की काजळीचा हिशोब बिघडतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो किंवा त्याचं रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, अडतं, आणि तो बदलायचा खर्च कुठल्याही सेन्सरपेक्षा मोठा असतो.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. उद्या सकाळी गार गाडीवर दाब आणि तापमानं. मग फिल्टर बॉक्स आणि टर्बोआधीचा पाईप डोळ्यांनी आणि हातानं. मग गरम इंजिनावर ईजीआर उघडं आणि बंद, आणि आकडा चढला नाही तर पट्टी. मग टर्बोनंतरच्या वाटेला साबणाचं पाणी. रस्त्यावरची चाचणी सगळ्यात शेवटी. एवढं करूनही उलगडलं नाही तर मला हे आकडे कळवा: की ऑनला बूस्ट सेन्सर किती मिलिबार दाखवतो, आयडलला ईजीआर उघडं आणि बंद असताना हवा किती, आणि तिसऱ्या गिअरला ३००० आरपीएमवर हवा आणि बूस्ट किती. सोबत त्या वेळचं बाहेरचं तापमान आणि आता गाडीत बसवलेल्या सेन्सरवरचा पार्ट नंबर. धारूर घाटातून माणसं भरून गाडी न्यायची असेल तर हे सुटेपर्यंत नेऊ नका. अरुंद वळणावर ट्रकला ओलांडताना गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे ईसीयूनं ताकद तोडली, तर मागं जायला जागा नसते.